कौल आधी, चेहरा मागाहून

सरकारी वकील म्हणून नेमणूक झाल्याची बातमी आली त्या दिवशी नम्रता तेंडोलकरच्या आईने आळीभर पेढे वाटले, आणि पहिला पेढा कुणाला, तर फ्लाव्हिया आल्मेडाला. लेक शेजारीच उभी होती. सावित्रीबाईंनी तिच्या देखत फ्लाव्हियाच्या तोंडात पेढा कोंबला आणि वर म्हणाल्या, "तुझ्या पायगुणान झाला गो बाय." नेमणूक नम्रताची, डोळे फोडून अभ्यास केला नम्रताने, आणि पायगुण मात्र फ्लाव्हियाचा. नम्रता त्या दिवशी हसली होती. ते हसू तिला अजून दुखतं.

दोघी सावंतवाडीच्या एकाच शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. पुढे वकिलीही बरोबरच शिकल्या. फ्लाव्हियाने कधी तिचं वाकडं केलं नव्हतं, आणि हीच तर पंचाईत होती. शत्रुत्व असतं तर निदान उघड भांडता तरी आलं असतं. फ्लाव्हिया भेटली की गळ्यात पडायची, सावित्रीबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायची, नम्रताने नवीन साडी नेसलेली सगळ्यांच्या आधी तिच्या ध्यानात यायची. नम्रता साडीचा पदर सारखा करायची आणि आतल्या आत जळायची.

ओरोसच्या कोर्टात तर विचारायलाच नको. फ्लाव्हिया कॉरिडॉरमधून निघाली की शिपायापासून टायपिस्टपर्यंत सगळे घरच्या लेकीला म्हणावं तसं "बाय, बाय" करत उभे राहायचे. नम्रताला सगळे "मॅडम" म्हणायचे आणि बसून राहायचे. उलटतपासात फ्लाव्हिया आवाज चढवत नसे. साक्षीदाराशी अशी बोलायची, की त्याला वाटावं ही आपल्या ओटीवर बसून गजाली मारते आहे, आणि बिचारा गजालीच्या ओघात सरकार पक्षाचा खटला स्वतःच्या हाताने बुडवून मोकळा व्हायचा. नम्रता एवढी वर्षं सरकार पक्षातर्फे उभी राहत होती, पण समोर फ्लाव्हिया असताना तिने एकही खटला जिंकला नव्हता. हे कुणी मोजलं नव्हतं. नम्रताने मोजलं होतं.

म्हणून धोंडू कुबलचा खटला बोर्डावर आला आणि त्याच्या वकीलपत्रावर फ्लाव्हियाची सही दिसली, तेव्हा नम्रताने पदर खोचला.

प्रकरण असं. मालवणच्या खालच्या अंगाला देऊळवाडी म्हणून मच्छीमारांची वाडी. तिथे किनाऱ्यालगत झावळ्यांनी शाकारलेला एक मांगर होता, त्यात रापणीची, म्हणजे सगळ्या वाडीने मिळून ओढायची आणि मासळी वाटून घ्यायची, जाळी ठेवलेली असत. एका पहाटे मांगराला आग लागली आणि सगळ्या वाडीच्या पोटावर पाय आला. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा धोंडू कुबल रापणीच्या हिश्श्यावरून आधी दोनदा भांडला होता. त्याला पहाटे सुरूच्या बनातून पळताना बघितलं असं लवू तांडेलने सांगितलं. लवू म्हणजे वाडीतला वयस्क, सरळ माणूस, खोटं बोलण्यात ज्याचा कुणाला संशय येणार नाही असा. पोलिसांनी धोंडूला धरला. त्याच्या घरी रॉकेलचा कॅन सापडला, पण तो कुणाच्या घरी सापडत नाही? खरा पुरावा म्हणजे लवूचे डोळे. बाकी सगळी भर होती. धोंडूने जामीन मागितला तेव्हा नम्रताने कडाडून विरोध केला, आणि तेव्हापासून धोंडू सावंतवाडीच्या तुरुंगात बसून होता. गुन्हा शाबीत झाला तर निम्मं आयुष्य तिथेच जायचं.

नम्रताला फ्लाव्हियाची एक खोड ठाऊक होती. बचावाच्या शेवटी ती वाडीतले कुणीतरी जुने गुरुजी आणून उभे करायची आणि त्यांच्या तोंडून वदवायची की आरोपी मुलखाचा गुणी आहे. न्यायाधीशांचा चेहरा तिथे मऊ व्हायचा. पण कायद्यात त्यावर उतारा आहे. आरोपीने स्वतःच्या चांगुलपणाचा पुरावा आणला, की त्याचा जुना इतिहास उकरायला सरकार पक्ष मोकळा होतो. म्हणजे फ्लाव्हियाने गुरुजी आणायचा अवकाश, नम्रता धोंडूची जुनी लफडी टेबलावर मांडणार होती. बायचा चेहरा तेव्हा कसा होईल, हे तिने स्कूटरवरून कुडाळला घरी जाताना कितीदा तरी रंगवून बघितलं. एकदा तर ती त्या नादात वळण चुकली.

तिने आजूबाजूच्या सगळ्या पोलीस ठाण्यांना विचारणा केली: धोंडू कुबलचं नाव पूर्वीच्या कुठल्या तपासात आलं आहे काय? एका ठाण्याकडून होकार आला. काही वर्षांपूर्वी होड्यांची इंजिनं चोरीला जात होती, तेव्हा धोंडूची चौकशी झाली होती. त्या तपासाचे कागद घेऊन भाई परब हवालदार स्वतः आले. तो तपास त्यांनीच केला होता.

"मॅडम, धोंडूवर यात काही नाही," भाई परब खुर्चीत टेकत म्हणाले. ऑफिसात ते जपून पुस्तकी मराठी बोलत. "इंजिनं दुरुस्त करतो म्हणून विचारपूस केली आणि सोडला. पण तुमचा साक्षीदार लवू तांडेल ना? तो यात आहे."

"लवू? यात?"

"तेव्हाही त्यानेच बघितलं होतं." भाई परबांनी चष्मा काढून पुसला. "शेजारच्या वाडीतला बाबू म्हणून एक. इंजिन खांद्यावर घेऊन जाताना मी त्याला डोळ्यांनी बघितला, असा लवूचा जबाब. आम्ही बाबूला उचलला. मागाहून कळलं, बाबू त्या वेळी गोव्याला इस्पितळात. बायको बाळंत होत होती. तिथल्या कॅमेऱ्यात हा बाकावर बसलेला चक्क दिसतोय. मग मी लवूला पुन्हा बोलावला. आणि माणूस बोलता बोलता..." ते एकदम मालवणीवर घसरले, "मॅडम, तो कौल घेवन इल्लो."

कौल म्हणजे काय हे नम्रताला कुणी सांगायला नको होतं. देवळात गुरव देवीच्या मूर्तीला फुलांचे ओले कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवीकडचा कळा पडला की देवीचा होकार, डावीकडचा पडला की नकार. नम्रताचं स्वतःचं लग्न असाच कौल घेऊन मोडलं होतं, आणि ते मोडलं याचं तिला आजवर वाईट वाटलेलं नाही. त्यामुळे हसण्याचा प्रश्न नव्हता.

बाबूच्या नावाने उजवा कौल पडल्यावर लवूला बाबू दिसला होता, एवढंच त्याने दुसऱ्या जबाबात सांगितलं होतं. त्यावर बाबू सुटला, चोर काही सापडला नाही आणि तपास बंद झाला. लवूवर कुणी राग धरला नाही. तो खोटं बोलला होता असं कुणाला वाटलंच नाही.

"मग ही फाईल धोंडूसाठी तर उपयोगी नाही," भाई परब उठता उठता म्हणाले. "परत नेऊन ठेवू काय?"

यात त्यांचा काही डाव नव्हता. फाईल कामाची नाही तर ती परत जाते, इतकी साधी गोष्ट. नम्रताने नुसतं "हो" म्हटलं असतं, तर फाईल ठाण्याच्या कपाटात गेली असती आणि फ्लाव्हियाला तिची कधी कुणकुण लागली नसती. "राहू दे," नम्रता म्हणाली. का म्हणाली ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने लवूला बोलावून घेतलं. साक्षीआधी साक्षीदाराला त्याचा जबाब वाचून दाखवायची पद्धतच आहे. लवू धुतलेला सदरा घालून आला आणि खुर्ची दिली तरी बराच वेळ उभाच राहिला.

"लवूभाऊ, त्या पहाटे काय बघितलंत?"

"धोंडूक बगलंय. सुरूच्या बनातसून पळत होतो."

"तोंड दिसलं?"

"दिसला तर. आता डोळे मिटलंय तरी दिसता."

"तो पळत होता ना? तुमच्याकडे तोंड करून?"

लवू विचारात पडला. त्याने डोळे खरोखरच मिटले. "नाय. पाठमोरो होतो."

"मग तोंड कधी दिसलं?"

"मगे दिसला," लवू सरळपणे म्हणाला. "सकाळी आमी सगळे देवळात गेलंव. कौल लावलो. धोंडूचा नाव घेतला तेवा देवीन उजवो दिल्यान. घराक येवन जरा पडलंय, तर सगळा परत डोळ्यांसमोर इला. तो वळलो, आणि तोंड दिसला. धोंडूच."

"बाबूच्या वेळीही असंच झालं होतं?"

"होय." लवूचा चेहरा उतरला. "तेवा गाऱ्हाण्यात कायतरी ऱ्हवला आसतला. माणसाची चूक ती. देवी कशी चुकतली?"

त्याच्या बोलण्यात तिळभर लबाडी नव्हती. त्याला बघितलेलं आणि कौलाने दाखवलेलं, यांत वेगळं काही वाटतच नव्हतं. आधी काय आणि नंतर काय, हे ही बाई एवढं का विचारते आहे, तेही त्याला कळेना. तिने त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मग दार लोटून घेतलं.

आता नियम काय सांगतो ते तिला पाठ होतं. सरकार पक्ष जे कागद वापरणार, त्यांच्या प्रती आरोपीला द्यायच्या. आणि जे हाताशी आहेत पण वापरायचे नाहीत, त्यांचीही यादी द्यायची, म्हणजे आरोपीला हवे ते मागून घेता येतात. पण ही फाईल मुळात या खटल्याची नव्हतीच. तिनेच ती हौसेने मागवली होती. मागवली नसती तर? मग हाताशी कुठून असती? वकिली मेंदूला पळवाटा शोधून द्यायला काही वेळ लागत नाही. शिवाय लवू साक्षीत न विचारलेलं सांगणारा नव्हता. "बगलंय" म्हणाला असता, ठामपणे म्हणाला असता, आणि फ्लाव्हियाला कौलाचं माहीत नसल्याने तिने ते विचारलंही नसतं. धोंडू आत गेला असता. फ्लाव्हिया एकदा तरी हरली असती.

एकदाच, नम्रताला वाटलं. एकदाच हवं आहे मला.

हा विचार तिने पुरता दोन दिवस पोटाशी धरून ठेवला. जेवताना सोबतीला, स्कूटरवर सोबतीला. आणि तिसऱ्या दिवशी तिला एक गोष्ट आठवली, म्हणजे घडलेली नव्हे, सुचलेली. फ्लाव्हिया सरकारी वकील असती तर? तिने काय केलं असतं? नम्रताला उत्तर शोधावं लागलं नाही. फ्लाव्हियाने कागद वाचल्याबरोबर बाररूममध्ये येऊन देऊन टाकला असता. दोन दिवस घेतले नसते. आणि देऊन झाल्यावर चहा पिताना विसरूनही गेली असती. तिला ते जडच गेलं नसतं.

नम्रताच्या अंगाचा तिळपापड झाला. खटले जिंकते ते जिंको. लोक तिला बाय म्हणतात ते म्हणोत. पण चांगुलपणासुद्धा हिला फुकटात मिळावा, आणि आपल्याला त्यासाठी दोन दिवस स्वतःशी झटापट करायला लागावी? धोंडूची दया आली असं तिने नंतर कुणाला सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. दया आली असेलही, पण ती मागच्या रांगेत होती. पुढे उभा होता तो निव्वळ मत्सर. फ्लाव्हिया देऊ शकते, तर मीही देईन.

तिने यादी टाईप केली, जुना तपास आणि लवूचा दुसरा जबाब त्यात घातला, लवूशी स्वतःचं जे बोलणं झालं त्याची नोंदही जोडली, कोर्टात दाखल केली आणि एक प्रत घेऊन बाररूममध्ये गेली.

फ्लाव्हिया खिडकीशी डबा उघडून बसली होती. "गो नम्रता, ये. उसळ केलंय."

"माका नको. ह्या घे."

फ्लाव्हियाने हात पुसून कागद घेतला. वाचता वाचता तिने डबा बाजूला सारला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "ह्या तुका खंय गावला?"

"धोंडूचा जुना कायतरी शोधी होतंय. तुझ्या गुरुजीक पाडूक."

फ्लाव्हिया एवढं मोकळं हसली की शेजारचे दोघे वकील वळून बघू लागले. मग हसू थांबलं. "आणि माका दिलस? कित्याक?"

"नियम आसा म्हणान."

"नियम सगळ्यांकच आसता गो," फ्लाव्हिया म्हणाली आणि तिने नम्रताचा हात धरला. नम्रताने तो सोडवून घेतला. काम आहे, म्हणाली.

साक्षीच्या दिवशी देऊळवाडीतली माणसं कोर्टात दाटीने बसली होती. नम्रताने लवूची सरतपासणी घेतली. तो "बगलंय" म्हणाला, तसाच ठामपणे. मग फ्लाव्हिया उठली. उठली ती आधी लवूला हात जोडून.

"लवूभाऊ, तुमची देवी खोटा बोलली, असा मी म्हणणंय नाय. माझी आवय पण तिका नारळ धाडता. माका फक्त एकच सांगा. चेहरो आधी दिसलो की कौल आधी पडलो?"

"कौल आधी," लवू म्हणाला. "चेहरो मागाहून."

"आणि कौलाच्या आधी काय दिसल्ला?"

"पाठ. कुणाचीतरी पाठ."

वाडीतली माणसं चुळबुळलीसुद्धा नाहीत. कुणाचा अपमान झाला नव्हता, देवीचाही नाही आणि लवूचाही नाही. नम्रता खाली बघून लिहीत होती. तिला ठाऊक होतं, हाच प्रश्न तिने विचारला असता तर लोक खवळून उठले असते. कागद आपला, मेहनत आपली, आणि विचारण्याची ही हातोटी मात्र हिची. तिच्या पेनाने कागद फाटला.

धोंडू निर्दोष सुटला. युक्तिवादात फ्लाव्हियाने मोठ्याने आणि स्वच्छ सांगितलं, की हा पुरावा बचाव पक्षाने शोधलेला नाही, सरकारी वकील तेंडोलकर मॅडमनी स्वतः शोधून स्वतः दिला, श्रेय त्यांचं आहे. नम्रताचे कान तापले. आता तरी, तिला वाटलं. निकाल वाचून झाल्यावर न्यायाधीश फ्लाव्हियाकडे बघून म्हणाले, जिंकणाऱ्या वकिलाने समोरच्याचा असा मान राखणं आजकाल दुर्मीळ झालं आहे.

बाररूममध्ये तेच. "बायचं मन बघा केवढं. स्वतः खटला फिरवला आणि नाव दिलं तेंडोलकरांना." घरी सावित्रीबाईंना बातमी आधीच पोचली होती. "फ्लाव्हियाचो फोन इल्लो. सगळा नम्रतान केल्यान, म्हणा होती. चेडू तसाच ता," त्या पोरीच्या कौतुकाने म्हणाल्या, "आपल्याकडे कायच ठेवना नाय." नम्रता जेवली आणि ताट उचलून आत गेली.

दोन दिवसांनी धोंडू कोर्टात आला. तुरुंगातून सुटलेल्या माणसाचे कपडे अंगाला सैल होतात, तसे त्याचे झाले होते. हातात केळीच्या पानात बांधलेले बांगडे होते, दोन पुडकी. तो नम्रताच्या दाराबाहेर उभा राहिला, आत पाऊल टाकेना.

"आत ये," नम्रता म्हणाली.

तो उंबऱ्याच्या आत जेमतेम आला. एक पुडकं त्याने टेबलाच्या कडेला ठेवलं आणि हात लगेच मागे घेतला. "बायेन सांगल्यान, तेंडोलकर मॅडमक आधी भेट. मगे माका."

"आणखी काय सांगितलं बायने?"

"तुमीच सोडवल्यात माका, असा." धोंडू जमिनीकडे बघत होता. "बायेक मोठेपण नको आसता. ती तशीच. माका कळता ता."

"धोंडू, तुला काय वाटतं ते सांग."

मग त्याने पहिल्यांदा वर बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. नुसतं भय होतं. "जामीन मागलंय तेवा तुमीच उभे ऱ्हवलात, मॅडम. माझ्या ल्हानग्या झिलाक घेवन बायको भायेर बसल्ली. तुमी तिच्याकडे बगूकसुद्धा नाय." त्याने दुसरं पुडकं काखेत सारलं. "पण बायचो शब्द. म्हणान इलंय."

नम्रताच्या ओठांशी सगळं आलं होतं. तो कागद मला सापडला. मी तो दडवू शकत होते. दोन दिवस मी दडवलाच होता, आणि मग दिला. पण आपल्याच तोंडाने हे सांगणं म्हणजे या माणसापुढे पदर पसरून आभार मागणं. आणि तो तरी ते का मानील? त्याच्याजवळ बायचा शब्द होता, आणि तोही त्याने मानला नव्हता.

"बाय सांगते ते खरं आहे," ती एवढंच म्हणाली.

"होय मॅडम," धोंडू म्हणाला. साहेब लोकांना म्हणायचं असतं तसं म्हणाला, वाकला आणि दुसरं पुडकं घेऊन निघाला.

कॉरिडॉरच्या टोकाला फ्लाव्हिया कुणाशी तरी बोलत उभी होती. नम्रताला दारातून सगळं दिसत होतं. धोंडू तिच्यापाशी पोचला, काहीतरी बोलायला गेला आणि तिथे त्याला एकदम रडू फुटलं. भर कोर्टात, माणसांच्या गर्दीत तो फ्लाव्हियाचे दोन्ही हात धरून हुंदके देत होता, आणि फ्लाव्हिया मान हलवून नम्रताच्या दाराकडे बोट दाखवत होती, पुन्हा पुन्हा दाखवत होती. त्याने एकदाही वळून बघितलं नाही.

ते रडणं माझं होतं, नम्रताला वाटलं. तिला ते हवं होतं, खटला जिंकण्यापेक्षा जास्त हवं होतं, हे तिला आत्ता कळलं. तिने दार लोटून घेतलं, बांगडे खिडकीत सावलीला ठेवले आणि पुढच्या खटल्याची फाईल उघडली. वकीलपत्रावर फ्लाव्हियाची सही होती.